आड, साप की आणखी काही?

गेल्या वर्षभरात माझ्या ओळखीतल्या सहा-सात जणांना ‘फॅमिली ट्री’चं वेड लागलंय. हे वेड साधारण तिशीच्या आसपास लागतं. होम लोनचे हप्ते सुरू झाले, की माणसाला अचानक वाटायला लागतं, आपण नक्की कुठले? मग अंधेरीच्या ऑफिसात लंच अवरमध्ये डबा खाताखाता पणजोबांचं नाव सर्चमध्ये टाकायचं. येतं काय, तर कुठल्यातरी पतपेढीच्या संचालकाचं नाव आणि फोन नंबर. त्यानंतरचा हमखास प्रश्न : “बॉस, जुन्या जनगणनेत तरी असतील ना?”

नाहीत! म्हणजे होते, पण आता नाहीत. आपल्याकडे १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री पहिल्यांदा एकाच वेळी देशभर शिरगणती झाली. तेव्हापासून दर दहा वर्षांनी गणनेचा माणूस घरोघर गेला, नावं लिहिली, वयं लिहिली, जात लिहिली, धंदा लिहिला. बेरजा झाल्या, जाडजूड अहवाल छापले गेले आणि ती घरोघरची पानं रद्दीत गेली. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा जनगणना कायदा आला. त्याच्या १५ व्या कलमानुसार जनगणनेची नोंद कुणाला बघायला मिळत नाही आणि ती पुरावा म्हणूनही चालत नाही. तिकडे ब्रिटनमध्ये १९२१ ची जनगणना जानेवारी २०२२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. लोक आपल्या खापरपणजोबांच्या स्वतःच्या अक्षरातले फॉर्म बघून रडले. अमेरिकेत ७२ वर्षांचा नियम आहे, त्यामुळे १९५० ची जनगणना एप्रिल २०२२ मध्ये उघडली. (त्यांचंही सगळं आलबेल आहे असं नाही हं. इंग्लंडची १९३१ ची कागदपत्रं १९४२ च्या आगीत पार खाक झाली.) आपल्या वाट्याला मात्र फक्त बेरजा आल्या. आणि १ मार्च २०२७ या तारखेची जनगणना तर मोबाइलवरच नोंदवायची ठरलीय, म्हणजे आपल्या पणतवंडांना वाईट अक्षराचा त्रासही नाही.

मग आपल्यासारख्यांनी शोधायचं कुठे? गावात. महसुली भाषेत ‘गाव नमुना नंबर १४’, बोलीत कोतवाल बुक. जन्म-मृत्यूची गावातली जुनी नोंदवही. त्याशिवाय शाळेचं जनरल रजिस्टर, जमिनीचे फेरफार, सातबाराच्या आधीची पत्रकं. ज्यांनी बारावीनंतर कास्ट व्हॅलिडिटीसाठी तहसील कचेरीच्या खेपा घातल्यात त्यांना ही नावं पाठ असतील. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि तो बहुधा असल्याच एखाद्या पिवळ्या पानावर सापडतो.

आपण उपनगरवाले म्हणजे यात आणखी एक गंमत. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी ही एकेकाळी साष्टी बेटावरची गावं. मुंबई उपनगर जिल्हा झाला १ ऑक्टोबर १९२० ला, त्याआधी हा सगळा ठाणे जिल्ह्याचा साष्टी तालुका. बोरिवली आणि मुलुंड महापालिकेच्या हद्दीत आले ते तर १९५७ मध्ये. त्यामुळे इथल्याच मूळ कोळी, आगरी घरातल्या मुलाला आपला पणजोबा शोधायला ठाण्याची लोकल पकडावी लागू शकते. मरोळच्या ईस्ट इंडियन मैत्रिणीचं वेगळंच. तिच्या घराण्याचा धागा चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत. ‘सीप्झ’मध्ये नोकरी करणाऱ्या कितीजणांना माहितीये, की त्या कंपाउंडच्या आत १५७९ च्या एका चर्चचे अवशेष उभे आहेत? साथीमुळे लोक ते सोडून मरोळला गेले. आयडी कार्ड स्वाइप करून आपण रोज त्यांच्या जुन्या गावात शिरतो.

पण समजा, वही सापडली, पान सापडलं, मोबाइलमध्ये फोटो आला. आता खरी पंचाईत सुरू होते. वाचता कुठे येतंय?

जुनं पान म्हणजे बहुतेक वेळा मोडी. आधी पानभर आडव्या रेघा मारून घ्यायच्या आणि मग रेघेखाली हात न उचलता लिहीत सुटायचं. शब्दांत अंतर नाही, पूर्णविराम नाही, ओळ संपली की अर्धा शब्द खालच्या ओळीवर. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ दोन्ही एकसारखेच. शाळेत शुद्धलेखनाचे मार्क गेलेल्या माझ्यासारखीला ही लिपी फार उदार वाटली होती, वाचायला बसेपर्यंत. मुंबई सरकारने १९१७ मध्ये कारभारात मोडीऐवजी बाळबोध वापरायचं ठरवलं, पण गावोगावच्या लिहिणाऱ्यांचा हात काही एका हुकमाने वळत नाही. पुढची पंचवीस-तीस वर्षं मोडी चालूच राहिली. एकाच पानावर छापील मथळे बाळबोधमध्ये आणि खालचा मजकूर मोडीत, असंही दिसतं.

वर जागा वाचवायला आखूड रूपं. मौजेचं ‘मौ’, कसब्याचं ‘क’, राजश्रीचं नुसतं ‘रा’ आणि पुढे दोन दंड. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘कोम’ हे कुणाचं आडनाव समजून त्या घराण्याचा शोध घेणारा एक महाभाग मला माहीत आहे. कागद पेशवाईतला असेल तर तारखाही सरळ नाहीत. सुहूर सन असतो, आणि तो आकड्यांत नाही, अरबी शब्दांत लिहितात. ‘तिसा अशर मयातैन व अलफ’ म्हणजे नऊ, दहा, दोनशे आणि हजार. झाले १२१९. त्यात ५९९ मिळवले की १८१८, पेशवाई बुडाली ते साल. वर्षाच्या उत्तरार्धातला कागद असेल तर ६०० मिळवायचे. आता ‘तिसा’ म्हणजे नऊ आणि ‘तिसैन’ म्हणजे नव्वद. शेवटी दोन अक्षरं पुसट झाली तर तुमचा पूर्वज ८१ वर्षांनी इकडेतिकडे.

एक शब्द नीट वाचण्याला काय किंमत असते ते महाराष्ट्राने २०२३ पासून बघितलंय. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जुन्या दफ्तरांत ‘कुणबी’ नोंदी शोधायचं काम सुरू झालं. आधी मराठवाड्यात, निजामाच्या काळातल्या मोडी, उर्दू, फारसी कागदांत आणि नंतर राज्यभर. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने आकडा सांगितला, ५४ लाखांहून जास्त नोंदी. तोवर लग्नपत्रिकेवरच्या गणपतीइतकीच ज्यांची आठवण निघायची ते मोडी वाचणारे लोक एकदम सगळ्यांना हवेसे झाले. पोराची फी, नोकरी, अख्ख्या भावकीचं भवितव्य एका रकान्यातल्या दोन-तीन अक्षरांवर. शाळेच्या रजिस्टरात नुसतं ‘कु.’ दिसलं तर ते कुणबी की कुमारी? नावाच्या आधी असेल तर एक, जातीच्या रकान्यात असेल तर दुसरं. म्हणजे अक्षराइतकंच ते कुठे बसलंय हे महत्त्वाचं. आणि वाचणारा घाईला आलेला असेल, त्याला काय वाचायचंय हे त्याचं आधीच ठरलेलं असेल, तर डोळे अगदी इमानदारीत हवं ते दाखवतात.

हे मी एवढ्या ठामपणे सांगतेय, कारण आमच्या घरात हेच चाललं होतं.

माझ्या पणजोबांची दोन लग्नं. आम्ही सगळे धाकट्या पणजीचे. थोरली पणजी घरात कधी नावाने आली नाही. ‘थोरली’ एवढंच. ती गेली आणि सहा महिन्यांच्या आत पणजोबांनी दुसरं लग्न केलं. गावात कुजबुज होती की थोरलीने आडात उडी घेतली. कुणी ढकललं असंही म्हणायचं कुणी. पुढे चार पिढ्या हे पुरलं. घरात कुणाची सोयरीक मोडली, कुणाला मूल होईना, की आजीच्या पिढीतल्या बायका हळूच म्हणणार, “थोरलीचं आहे ते.” माझ्या आत्याने तर याच्यापायी दर सर्वपित्रीला वेगळं पान वाढलंय. आत्या घाटकोपरला राहते, चाळीस वर्षं बँकेत नोकरी केलेली बाई आहे, अडाणी वगैरे अजिबात नाही.

काकाने रिटायर झाल्यावर रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावची नोंद काढली. मृत्यूचं पान, ऑक्टोबर १९१८. पहिला धक्का म्हणजे तिचं नाव सरळ वाचता आलं. नाव, पुढे ‘कोम’, पुढे पणजोबांचं नाव. शंभरेक वर्षांनी घराला तिचं नाव कळलं. (ते इथे छापायचं नाही, अशी आत्याची अट आहे.) वय २०. आणि मरणाच्या कारणाच्या रकान्यात एक गिचमीड. दोन अक्षरं की तीन तेही कळेना. घाईत एकात एक गुंतलेली.

काकाने मोडीचा तक्ता डाउनलोड करून फ्रीजवर चिकटवला होता. दहा दिवस त्याने तो फोटो मोठा करकरून बघितला आणि जाहीर केलं, “साप!” पहिलं अक्षर ‘स’ आहे यावर तो ठाम. कोकणात ऑक्टोबर म्हणजे भातकापणी, पान लागलं असणार बाईला. बसतंय की सगळं! आत्याने फोटोकडे न बघताच सांगितलं, “आड आहे तो. लिहिणाऱ्याने वळवून लिहिलंय.” रविवारची दुपार, आमरस-पुरी आणि १९१८ च्या एका शब्दावरून बहीणभाऊ कडाकडा भांडतायत. काकाला साप हवा होता, कारण सापात कुणाचा दोष नसतो. आत्याला आड हवा होता की नाही हे मला सांगता येणार नाही. पण एवढी पानं वाढल्यावर आड नव्हताच असं कसं चालेल?

शेवटी फोटो घेऊन मी मुलुंडला एका निवृत्त शिक्षकांकडे गेले. तिथल्या मराठी मंडळींत ते मोडीवाले सर म्हणूनच ओळखले जातात. मी मोबाइल पुढे केला, बरोबर त्या शब्दावर झूम करून. त्यांनी झूम काढून टाकला. म्हणाले, “हा शब्द शेवटी. आधी अख्खं पान दे. मागचं आणि पुढचंही.”

मग त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. कागद घेऊन त्या लिहिणाऱ्याची बाराखडी बनवायला बसले. मोडीची नव्हे, त्या माणसाची. जे शब्द पानावर असणारच ते आधी धरायचे : गावाचं नाव, वाड्यांची नावं, पुरुष, स्त्री, महिना. त्यातून त्याचा ‘प’ कसा, ‘र’ कसा, काना तो कुठून ओढतो हे पक्कं करायचं. “तक्त्यातला स आणि याचा स यांचा काही संबंध नाही,” सर म्हणाले. “तुझ्या अक्षराचा आणि शाळेतल्या कित्त्याचा आहे का?” पाऊण तास गेला. चहा झाला. तोवर आमच्या शब्दाकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

नंतर त्यांनी कारणाचा रकाना वरून खाली वाचायला घेतला आणि पेन्सिलने टिंबं देत गेले. आमची ती गिचमीड एकाच पानावर चौदा वेळा होती. चौदा! पुरुष, बायका, पोरं, तीन वेगवेगळ्या वाड्या, पंधरा दिवसांत. “चौदा जणांना साप चावला असेल तर गावात माणसांपेक्षा सापच जास्त होते म्हणायचे,” सर म्हणाले. चौदा जणांनी आडात उडी घेतली हेही कठीणच. मग त्यांनी ती सलग टिंबं जिथे सुरू होतात त्याच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे ठसठशीत अक्षरात ‘ताप’. खाली गिचमीड, गिचमीड, गिचमीड. मध्ये एक माणूस माडावरून पडून गेला, ते सविस्तर लिहिलेलं. त्याच्या खालच्या ओळीवर पुन्हा पूर्ण ‘ताप’, आणि पुन्हा खाली गिचमीड.

“सदर,” सर म्हणाले.

म्हणजे वरीलप्रमाणे. लिहून लिहून हात दुखला, की माणूस जे करतो ते. आम्ही एक्सेलमध्ये सेल खाली ओढतो ना, तेच. स, द, र. काकाचा ‘स’ खरा निघाला, बाकी साप निसटला. (आणि हो, तुम्ही आत्ता वाचताय त्यालाही मराठीत सदरच म्हणतात. सरांना मी सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.)

ऑक्टोबर १९१८ चा ताप म्हणजे काय हे मग वेगळं सांगायला नको. जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा आला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी, जास्त भयंकर लाट उसळली. मराठीत तिला मानमोडी म्हणत. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. पण गावच्या वहीत कारणांचे ठरावीक कप्पे असायचे : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण असे. नवीन रोगाला कप्पा नव्हता, त्यामुळे बहुतेक मृत्यू तापाच्या खात्यात जमा झाले. आता त्या जनगणनेच्या बेरजा बघा. आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या १९११ मध्ये २५.२१ कोटी होती, १९२१ मध्ये २५.१३ कोटी. १९०१ पासूनच्या सगळ्या दशकांत लोकसंख्या घटलेलं हे एकच दशक. शाळेत भूगोलात आपण त्याचा आलेख काढलाय. एवढासा खड्डा असतो १९२१ जवळ, पेन्सिल जरा खाली न्यायची.

मी घाटकोपरला जाऊन आत्याला सगळं सांगितलं. टिंबांचं पान दाखवलं. तिने चष्मा लावून ते बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “चौदा ओळी सदर सदर लिहिणाऱ्याने पंधरावी आडाचीही सदरच लिहिली असेल. पोलीस पाटील आपल्याच भावकीतला होता.” बँकेतली बाई. व्हाउचरवर कोण काय दडपतं हे तिने चाळीस वर्षं बघितलंय. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, आत्याचं म्हणणं खोडून काढता येणार नाही. शब्द वाचता येतो, लिहिणाऱ्याचं मन नाही. “पण तू खालच्या ओळी बघितल्यास का?”

बघितल्या नव्हत्या. आमचं सगळ्यांचं लक्ष त्या एका शब्दावर. थोरलीच्या खाली एक ओळ सोडून, तीन दिवसांनंतरची तारीख. बापाच्या जागी पणजोबांचं नाव. नावाच्या रकान्यात नुसतं ‘मुलगी’. वय महिने ६. कारण, सदर.

या मुलीबद्दल आमच्या घरात कुणाला म्हणजे कुणालाच काही माहीत नव्हतं. आडाची गोष्ट चार पिढ्या टिकली आणि ही तीन दिवसांत पुसली गेली. आत्याला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा ती काहीच बोलली नाही, लाइन कट झाली असं वाटून मी दोनदा हॅलो केलं. तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, मी बोरिवली फास्टमध्ये चेंगरलेली असताना, तिचा फोन आला.

“सहा महिन्यांची म्हणजे बारसं झालं असणार ना गं? नाव कुठे मिळेल?”

सरांना विचारलं. ते म्हणाले, जन्माच्या नोंदीतही बऱ्याचदा ‘मुलगी झाली’ एवढंच असतं, बारशाच्या आधी लिहून मोकळे व्हायचे. तरी मागाहून कुणी समासात नाव घातलेलं क्वचित सापडतं. एप्रिल १९१८ चं पान बघ, मार्चचंही बघ, वयं अंदाजानेच लिहायचे.

दोन्ही महिन्यांच्या पानांसाठी काकाने गेल्या सोमवारी अर्ज दिलाय. आत्याने त्याला बजावलंय, फोटो आला की फ्रीजवरच्या तक्त्याकडे जायचं नाही, सरळ मुलुंडला पाठवायचा.